फळबाग संशोधन आणि अल्पभूधारक बागायतदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन हेक्टरच्या आतल्या बागायतदारांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती धरून दिली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी जमीन दोन एकर. फळपीक संशोधनाचा मला प्रत्यक्षात काय उपयोग?

संशोधन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर नवा वाण येतो. दोन एकरवाल्याचे पैसे मात्र त्याआधीच दोन साध्या गोष्टी वाचवतात: निरोगी कलम (प्र. ५) आणि लागवडीपूर्वीचे माती परीक्षण (प्र. ७). कांद्यात चूक झाली तर एक हंगाम जातो. संत्र्याचे खुंट (ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात ते) चुकले किंवा चुनखडीच्या जमिनीत बाग लावली, तर पाच-सहा वर्षे पोसल्यावर चूक कळते आणि तोवर दुसरा प्लॉट हाताशी नसतो. मोठा बागायतदार एक तुकडा तोडून पुन्हा लावू शकतो, लहान शेतकऱ्याकडे तो एकच तुकडा असतो. म्हणून झाड लावण्याआधीचे संशोधन त्याने सर्वात आधी वापरावे. फवारणीची पत्रके नंतर येतात.

२. कोणत्या पिकासाठी कुठे विचारायचे?

द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, डाळिंबासाठी सोलापूरजवळ केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, संत्रा-मोसंबी-लिंबासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आणि कांदा-लसणासाठी राजगुरुनगरचे संचालनालय. या चारही संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या आहेत.

हापूस, काजू, नारळ आणि सुपारी यांचे काम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. काजूसाठी त्यांचे वेंगुर्ला केंद्र आणि नारळासाठी रत्नागिरीजवळचे भाट्ये केंद्र. केळीसाठी जळगावचे आणि अंजीर-सीताफळासाठी पुरंदरमधल्या जाधववाडीचे केंद्र, ही दोन्ही राहुरी विद्यापीठाची. मराठवाड्यात मोसंबीसाठी बदनापूर आणि सीताफळासाठी अंबाजोगाई.

तरी पहिला हेलपाटा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रावरच करा. तुमच्या तालुक्यातली माती आणि पाणी त्यांनी पाहिलेले असते. त्यांच्याकडून उलगडा झाला नाही तर ते नमुना पुढे पाठवतात.

३. 'विद्यापीठाची शिफारस' म्हणजे नेमके काय? ती यायला इतकी वर्षे का लागतात?

प्रयोग आधी केंद्राच्या शेतावर होतो, मग वेगवेगळ्या ठिकाणी अनेक हंगाम होतो. निष्कर्ष टिकले तर राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत ते मांडले जातात. यालाच आपण 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतो. तिथे मान्यता मिळाली की ती शिफारस होते.

फळझाडात वेळ झाडामुळेच लागतो. आंब्याचा संकर केला की रोप फळावर यायला काही वर्षे जातात. त्यातून निवड, निवडीची कलमे, त्या कलमांचे उत्पादन आणि त्यांच्या फळांची टिकवण हे सगळे टप्पे आहेत. दोन दशके सहज उलटतात.

शिफारशीतली एक गोष्ट कायम वाचायची राहून जाते: ती कोणत्या विभागासाठी आणि कोणत्या जमिनीसाठी दिली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या हलक्या जमिनीवर ठरलेली पाण्याची मात्रा विदर्भातल्या काळ्या जमिनीत जशीच्या तशी दिली तर मुळे कुजतात. त्यात शिफारशीचा दोष नाही, पत्रकातली अर्धी ओळ वाचली गेलेली नसते.

४. नवा वाण आला की लगेच लावावा का?

सगळ्या क्षेत्रात नको. हापूसचे उदाहरण घ्या. साका पडतो (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो) आणि झाड वर्षाआड फळते, या दोन दुखण्यांवर उत्तर म्हणून दापोलीने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना दिला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा सिंधू आला. दोन्हींत साका नाही. तरी पेटीवर आजही हापूसच लिहिले जाते, कारण ग्राहक त्या नावाला पैसे मोजतो.

डाळिंबात उलटे घडले. गणेशखिंडीत १९३६ मध्ये निवडलेला 'गणेश' दशकानुदशके चालला. राहुरीने 'भगवा' दिल्यावर काही वर्षांतच बागा बदलल्या, कारण केशरी-लाल साल, गर्द दाणे आणि दूरच्या वाहतुकीत टिकणारे फळ व्यापाऱ्यालाच हवे होते. भगव्यालाही त्याची किंमत आहे. फळ तयार व्हायला सुमारे १८० दिवस लागतात, म्हणजे गणेशपेक्षा जास्त काळ बाग रोग-किडींच्या तोंडी राहते आणि जास्त काळ पाणी मागते.

म्हणून वाणाला तीन प्रश्न विचारा. तो कोणती अडचण सोडवतो? ती अडचण तुमच्याकडे आहे का? आणि माल घेणारा तो ओळखतो का? तिन्ही उत्तरे पटली तरी पहिल्या वर्षी दहा-वीस झाडेच लावा. बाकीचे प्र. १८ मध्ये आहे.

५. कलम चांगले की वाईट, रोपवाटिकेत उभे राहून कसे ओळखायचे?

पहिला प्रश्न मातृवृक्षाचा: डोळा किंवा काडी कुठल्या झाडाची? चांगली रोपवाटिका ते झाड दाखवते. 'बाहेरून आणली' असे उत्तर मिळाले तर तिथून निघा. फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा राज्यात १९६९ पासून आहे, त्यामुळे परवाना मागायला संकोच नको.

मग कलम हातात घ्या. जोड पूर्ण भरून आलेला हवा, त्यावर गाठ किंवा भेग नको, आणि वरची व खालची जाडी साधारण सारखी असावी. संत्रा-मोसंबीत डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंमी उंचीवर बांधलेला असावा. खाली बांधलेला डोळा लागवडीत मातीला टेकतो आणि डिंक्याला (बुंध्यातून डिंक येण्याचा रोग, प्र. १२) वाट मिळते. खुंट कुठले हेही विचारा. संत्र्याला जंभेरी किंवा रंगपूर लाइम चालते.

शेवटी एखादी पिशवी फाडून मागा. हे करायला लोक लाजतात, पण त्यासाठी एका कलमाचे पैसे द्यावे लागले तरी परवडते. पांढरी मुळे असतील तर रोप जिवंत आहे. मुळे पिशवीत गोल गोल फिरली असतील तर रोप जुने आहे आणि ते जमिनीतही तशीच गोल मुळे काढील. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी) आहेत. त्या लॉटमधले एकही रोप घेऊ नका, कारण सूत्रकृमी एकदा शेतात शिरले की पुढची सगळी बाग त्यांना पोसत राहते.

डाळिंबात गुटीचे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले) रोप घेताना ती गुटी ज्या बागेत बांधली त्या बागेत तेल्या आणि मर हे रोग (प्र. १० आणि ११) नाहीत याची खात्री करून घ्या. निरोगी दिसणाऱ्या गुटीतूनही तेल्या प्रवास करतो. बिलावर वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या आणि नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला दहा टक्के रोपे जास्त आणा.

६. द्राक्षाला डॉगरिज खुंट लावायलाच हवे का?

पाणी खारे, जमीन क्षारपड किंवा उन्हाळ्यात पाण्याची ओढ, यातले एकही लागू असेल तर होय. स्वतःच्या मुळांवरची वेल अशा ठिकाणी पानांच्या कडा करपवून घेते आणि दरवर्षी खालावत जाते.

डॉगरिजचा जोर मोठा असतो. भारी जमीन, भरपूर पाणी आणि सढळ नत्र मिळाले की वेल पानांवर जाते आणि काडीत घड कमी ठरतात. मग शेतकरी वाणाला नावे ठेवतो. खरे तर खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची छाटणी) नत्र आणि पाणी आवरून शेंडा वेळेवर मारला नाही, हे त्याचे कारण असते. भारी जमिनीत मध्यम जोराच्या ११०-आर खुंटाचा विचार करा. जमीन मध्यम, पाणी गोडे आणि मुबलक असेल तर खुंटाशिवायही बागा चालतात.

७. फळबागेसाठी मातीचा नमुना कसा घ्यायचा? नेहमीसारखा वरचा थर चालेल का?

चालणार नाही. हंगामी पिकाची मुळे वरच्या थरात असतात, झाडाची खाली जातात. लागवडीपूर्वी ९० सेंमी खोल खड्डा घ्या. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवरून ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंमी अशा तीन थरांची माती वेगवेगळी खरवडा. जमीन एकसारखी असेल तर असे तीन-चार खड्डे पुरतात. रंग किंवा उतार बदलला तर तो भाग वेगळा धरा. एकाच थराची सगळ्या खड्ड्यांतली माती मिसळा, गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. ती सावलीत वाळवा. बांध, रस्ता, शेणखताचा ढीग आणि जुन्या झाडाची सावली यांच्या जवळून माती घेऊ नका.

अहवालात सामू (पीएच) आणि क्षारता सगळे पाहतात. लिंबूवर्गीय पिकांसाठी 'मुक्त चुनखडी' हा आकडा त्याहून मोलाचा आहे. तो १० टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा-मोसंबी लावू नका. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता मग कायमची मागे लागते. फवारणीने पान तात्पुरते हिरवे होते, पुढची पालवी पुन्हा पिवळी येते. वरचा थर ठीक असून ६० सेंमीखाली चुनखडीचा पट्टा लागतो अशा जमिनी पुष्कळ आहेत. नमुना तीन थरांत घ्यायचा तो यासाठीच. शेतात अंदाज घ्यायचा असेल तर मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफस जितकी जोरात, तितकी चुनखडी जास्त.

८. माती तपासली असेल तर पान-देठ परीक्षण कशाला?

मातीत काय आहे ते माती सांगते. त्यातले झाडाने किती उचलले ते पान सांगते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, हे मातीच्या अहवालावरून कळत नाही.

द्राक्षात दोन वेळा ठरलेल्या आहेत. पहिली खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, तेव्हा काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा. दुसरी ऑक्टोबर छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचा देठ. पान तोडताच पाते काढून टाका आणि फक्त देठ ठेवा. बागेत नागमोडी फिरत शंभरेक देठ जमवा, कडेच्या ओळी वगळा. विद्राव्य खत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य नुकतेच फवारले असेल तर नमुना घेऊ नका, नाहीतर पानावरचा थर तपासला जातो. कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये देठ घामेजून कुजतात.

एकट्या अहवालावरून सगळे खत बदलू नका. चांगल्या आणि खराब झाडांचे नमुने वेगवेगळे पाठवले तर फरक बोलका असतो.

९. खताची मात्रा 'प्रति झाड' असते. घन लागवडीत तीच द्यायची का?

नाही. दहा वर्षांवरील हापूसच्या झाडाला दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश ही मात्रा १० बाय १० मीटरवरच्या पसरलेल्या झाडासाठी आहे. हेक्टरी १०० झाडे, म्हणजे १५० किलो नत्र. ५ बाय ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडे बसतात. तीच मात्रा दिली तर नत्र ६०० किलो होते. एवढ्या नत्रावर झाड मोहोर सोडून पालवी काढत बसते आणि छाटणीचा खर्च वाढतो. घन लागवडीत मात्रा झाडाच्या विस्ताराच्या प्रमाणात कमी करा आणि पान परीक्षणाने पडताळा.

१०. डाळिंबावरचा तेल्या औषधाने जात का नाही?

कारण तो झॅन्थोमोनास नावाच्या जीवाणूचा रोग आहे. बुरशीनाशके त्याला फारशी लागू पडत नाहीत आणि पेशीत शिरलेल्या जीवाणूपर्यंत फवारा पोहोचत नाही. पानावर तेलकट ठिपका, मग तो काळा पडून भोवती पिवळी कड, आणि फळाला इंग्रजी वाय किंवा एल आकाराची भेग, अशी त्याची चढती खूण आहे. पावसाचे उडणारे थेंब, ओली बाग, हातातली कात्री आणि रोगट रोपे हे त्याचे वाहक. दमट आणि ऊबदार हवा त्याला मानवते.

त्यामुळे सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे बहाराची, म्हणजे फुले धरण्याच्या हंगामाची निवड. मृग बहारात फुले आणि कोवळी फळे नेमकी पावसात सापडतात. तेल्याग्रस्त भागात हस्त बहार घ्या: फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळे कोरड्या हवेत. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पाणी पुरायला हवे. पाणी नसेल तर ही युक्ती कागदावरच राहते, हेही खरे.

काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. रोगट फांदी ठिपक्याच्या दोन इंच खालून छाटा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. पडलेली पाने-फळे गोळा करून जाळा, बांधावर टाकू नका. विश्रांतीत १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण, प्र. १३) फवारा. जुन्या पत्रकांत प्रतिजैविकांचा उल्लेख सापडेल. त्यांच्या शेतीतल्या वापराचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा आजचे लेबल पाहिल्याशिवाय ती वापरू नका.

११. झाड एका बाजूने वाळते आहे. हा तेल्या की मर?

मर. तेल्यात ठिपके दिसतात. मर रोगात ठिपका नसतो, आधी एखादी फांदी पिवळी पडते आणि मग सगळे झाड वाळते. खात्रीसाठी वाळत्या फांदीचे किंवा खोडाचे लाकूड आडवे कापा. आत तपकिरी-काळसर पट्टे किंवा चांदणीसारखा डाग दिसला तर सेराटोसिस्टिस बुरशीचा संशय धरा. लाकडात टाचणीएवढी छिद्रे आणि भुसा असेल तर खोडकिडा किंवा शॉट होल बोरर आहे. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. तिघेही एकाच झाडावर सापडू शकतात आणि एकमेकांना वाट करून देतात.

पूर्ण वाळलेले झाड मुळांसकट काढून जाळा. शेजारची दोन-तीन झाडे अजून हिरवी असली तरी आळवणी (मुळांशी औषधाचे पाणी ओतणे) त्यांनाही करा, कारण रोग मुळांच्या स्पर्शाने आणि पाण्याने पुढे जातो. म्हणूनच ४.५ बाय ३ मीटरपेक्षा दाट लागवड नको आणि पाटाने पाणी देणे नको.

१२. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक येतो. साल खरवडून काय लावायचे?

डिंक्या फायटोफ्थोरामुळे होतो. ही बुरशी ओल्या मातीत राहते आणि बुंध्याला पाणी टेकले की चढते. औषधाआधी पाणी हलवा: दुहेरी आळे करा, म्हणजे आतल्या आळ्यात खोडाभोवतीची माती कोरडी राहते आणि पाणी फक्त बाहेरच्या कड्यात जाते. मातीत गाडलेला डोळा उघडा करा.

नंतर धारदार चाकूने कुजलेली साल निरोगी हिरवी कड लागेपर्यंत काढा, जखम पुसा आणि बोर्डो मलम लावा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सगळ्या झाडांच्या खोडांना मलम लावा. फक्त आजारी झाडांना लावून भागत नाही. खरवडलेली साल आळ्यातच टाकणे ही नेहमीची चूक.

१३. बोर्डो घरी करतो तेव्हा पाने करपतात. काय चुकते?

चुना कमी किंवा जुना पडलेला असतो. १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घ्या. मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवा. चुना वेगळा विरवून, गाळून, थंड करून ५० लिटर करा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि लाकडी काठीने ढवळा. लोखंडी किंवा जस्ताचे भांडे नको. आता घासलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, थर थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला. ही चाचणी वगळली की पाने करपतात.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यातले कण जड होतात आणि चिकटत नाहीत. मलमासाठी मोरचूद-चुना तेवढाच, पाणी मात्र १० लिटर. बोर्डोत दुसरे कीटकनाशक मिसळू नका, त्याच्या अल्कतेने बहुतेक औषधे निकामी होतात.

१४. हापूसला कल्टार किती, कधी, कसे? दरवर्षी दिले तर झाड मरते का?

कल्टारमधले पॅक्लोब्युट्राझॉल झाडाची पालवी आवरते आणि मोहोर लवकर आणते. दापोलीची पद्धत अशी: झाड दहा वर्षांवरचे आणि सशक्त हवे. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. विस्ताराचा व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढा आणि मीटरला ३ मिली या हिशोबाने औषध घ्या. ८ आणि ६ मीटर भरले तर सरासरी ७, म्हणजे २१ मिली. ते तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळा. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५–३० छिद्रे १०–१२ सेंमी खोल पाडा, सगळ्यांत सारखे ओता आणि मातीने बुजवा. त्याआधी झाडाखालचे गवत काढा, नाहीतर औषध गवताच्या मुळांत जाते.

झाड औषधाने मरत नाही. पण मोहोर-फळांचा भार वाढवून खत तेवढेच ठेवले तर ते दमते: पेरे आखूड होतात, पालवी गुच्छासारखी येते. तसे दिसले तर त्या वर्षी कल्टार बंद करा. कमजोर, नुकत्याच छाटलेल्या किंवा खत न दिलेल्या झाडाला ते देऊच नका. अंदाजाने बाटलीचे झाकण मोजून देणे हा सर्वात महागडा प्रकार.

१५. साका बाहेरून ओळखता येतो का?

नाही. कापल्यावरच कळतो. प्रमाण कमी करता येते: फळ झाडावर पिकू न देता चौदा आणे तयार असताना सकाळी काढा, काढलेले आंबे तापलेल्या कातळावर ठेवू नका आणि झाडाखाली आच्छादन करा. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता आणि झाडावर जास्त पक्व झालेले फळ या दोन्हींनी साका वाढतो.

१६. कांदा चाळीत सडतो. दोष वाणाचा की चाळीचा?

बहुतेक वेळा दोष काढणीपूर्वीच्या दोन महिन्यांतला असतो. खरिपाचे वाण, जसे भीमा सुपर किंवा भीमा राज, साठवणीचे नाहीतच. ते काढले की विका. साठवायचे तर रब्बीत भीमा शक्ती, भीमा किरण किंवा एन-२-४-१.

नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आत संपवा. उशिरा युरिया दिलेला कांदा दिसायला मोठा होतो, मान जाड राहते आणि तिथूनच कूज शिरते. काढणीआधी साधारण दोन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. पातीने कांदे झाकून तीन-चार दिवस शेतात सुकवा, अडीच सेंमी मान ठेवून पात कापा आणि सावलीत १०–१२ दिवस पातळ पसरून ठेवा. हा शेवटचा टप्पा घाईत सगळ्यात आधी गाळला जातो. जोडकांदे, डेंगळे आणि चिरलेले कांदे चाळीत घालू नका.

चाळ खालून हवा खेळेल अशी, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. थराची रुंदी चार फूट, उंची पाच फुटांच्या आत. एकपाखी असेल तर दक्षिणोत्तर, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम.

१७. सल्लागार एक सांगतो, विद्यापीठ दुसरे, दुकानदार तिसरेच. कोणाचे ऐकायचे?

औषधाच्या बाबतीत लेबलचे. त्या पिकावर, त्या रोगासाठी ते नोंदलेले आहे का आणि फवारणी व काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे दोन मुद्दे लेबलवर छापलेले असतात. निर्यातीच्या द्राक्षाला याशिवाय दर हंगामात सुधारली जाणारी 'अनेक्शर ५' ही चालणाऱ्या औषधांची यादी लागू असते. २०१० मध्ये द्राक्षवेलीची वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. वर्षानुवर्षे 'चालणारे' औषध एका हंगामात 'न चालणारे' झाले. म्हणून मागच्या वर्षीची वही पुरेशी नाही.

खत, पाणी आणि छाटणी यांबाबत सल्ला देणाऱ्याला विचारा: हे कोणत्या जमिनीत, किती झाडांवर, कशाशी तुलना करून पाहिले? तुलनेचा प्लॉट नसेल तर तो निष्कर्ष नाही, अनुभव आहे. अनुभवही कामाचा असतो, पण चाचणीनंतर.

१८. माझ्याच शेतात चाचणी कशी घ्यावी? एवढ्या छोट्या बागेत जमेल का?

जमते. सहा ओळी घ्या. एक सोडून एक ओळीला नवी पद्धत, उरलेल्यांना तुमची नेहमीची. अर्धी बाग इकडे, अर्धी तिकडे असे करू नका. एका बाजूची जमीनच सरस असेल तर श्रेय फुकट औषधाला जाते. एका वेळी एकच गोष्ट बदला. बांधालगतची झाडे मोजू नका. प्रत्येक ओळीचा माल वेगळा तोला, प्रतवारी वेगळी लिहा, खर्चही वेगळा लिहा. उत्पादन वाढूनही पहिल्या प्रतीचा माल वाढला नसेल, तर खिशात काही पडत नाही. तिन्ही ओळींत फरक एकाच दिशेने आणि सलग दोन हंगाम दिसला, तरच सगळ्या बागेवर जा.

१९. माझ्या बागेतल्या एका वेलीचे मणी वेगळे, लांब आहेत. तो माझा वाण होऊ शकतो का?

होऊ शकतो. तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस हे द्राक्षवाण शेतकऱ्यांच्याच बागांत टिपलेल्या वेगळ्या वेलींतून आले. आधी त्या फांदीच्या काड्या खुंटावर भरून पाहा. नव्या वेलीवरही तेच मणी आले तर गुण पक्का. नाहीतर तो खत-पाण्याचा किंवा त्या जागेचा परिणाम होता.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचा वाण नोंदता येतो आणि शेतकऱ्याला त्याचे शुल्क नाही. वेली आणि झाडे यांना संरक्षण जास्तीत जास्त १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे. फोटो, तारखा आणि मूळ वेलीची जागा पहिल्या वर्षापासून नोंदवून ठेवा. नोंदणीआधी काड्या गावभर वाटल्या तर पुढे वाण आपला हे सिद्ध करणे अवघड जाते.

२०. मग दुसऱ्याने नोंदवलेल्या वाणाची कलमे मी बांधू शकतो का?

त्याच कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणेही राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे यांची मुभा देते, मात्र ब्रँडचे नाव लावून विकण्याची नाही. कलमांची पद्धतशीर विक्री सुरू केली की रोपवाटिकेचा परवाना लागतो (प्र. ५). स्वतःच्या बागेपुरते बांधणे आणि धंदा करणे यांतली ही रेषा ओलांडण्यापूर्वी कृषी विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

२१. ड्रॅगन फ्रूटला पाणी, खत काही लागत नाही म्हणतात. लावू का?

पाणी कमी लागते, 'लागत नाही' हे खरे नव्हे. त्याची मुळे उथळ असतात. पाणी साचले की खोड तळातून कुजते आणि एप्रिल-मेच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडून भाजतात, तेव्हा सावलीची जाळी लागते. खांब आणि चकती यांचा सगळा खर्च पहिल्याच वर्षी येतो. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत यावर काम झाले आहे. तिथली लागवड मे महिन्यात पाहून या. पावसाळ्यात सगळ्यांच्याच बागा हिरव्या असतात.

२२. फळबाग योजनेचे अनुदान घेतले तर रोपे कुठूनही आणता येतात का?

नाही. रोपे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात आणि बिल जपावे लागते. राज्याची भाऊसाहेब फुंडकर योजना २०१८-१९ पासून आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते. पुढचे हप्ते झाडे जगण्यावर अवलंबून आहेत: बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ८० टक्के. कोकणात किमान १० गुंठे, इतरत्र २० गुंठे क्षेत्र लागते. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत तुम्ही पात्र असाल तर आधी तिथे अर्ज करायला सांगतात. चालू वर्षाच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्याकडून घ्या.

अर्जाच्या मुदतीसाठी खड्डे आणि रोपे घाईने उरकली जातात आणि माती परीक्षण राहून जाते. अहवाल यायला काही आठवडे लागतात, म्हणून नमुना उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच द्या.

२३. केंद्रावर जाताना सोबत काय न्यायचे?

नुसता मोबाइलमधला फोटो पुरत नाही. रोगट आणि निरोगी अशा दोन्ही फांद्या, शक्य असल्यास थोडी मुळे आणि मुळांजवळची माती वेगवेगळ्या कागदात बांधा. सकाळी तोडा आणि त्याच दिवशी पोहोचवा. शुक्रवारी दुपारी नमुना देऊ नका, सोमवारपर्यंत तो सडतो. सोबत माती-पाण्याचा अहवाल, बागेचे वय, खुंट, छाटणीची किंवा बहाराची तारीख आणि मागच्या तीस दिवसांत काय काय फवारले व सोडले त्याची यादी न्या. फवारलेले औषध लपवले की निदान चुकते.